मचाणासह भिगवणला, बुधवार पेठेमार्गे

पुण्याहून भिगवणला जायला दोन-अडीच तास पुरतात. आम्हाला दीड महिना लागला, कारण आम्ही बुधवार पेठेमार्गे गेलो.

ज्यांनी भिगवण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोलापूर रस्त्याला उजनी धरणाचं पाणी जिथे पसरून उथळ होतं, तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पाणी इतकं उथळ की पक्षी त्यात उभे राहून जेवतात. काठावरच्या गावांतले मच्छीमार आपल्या सपाट होड्यांतून माणसांना पक्षी दाखवायला नेतात. होडीत एक आडवी फळी असते, तिच्यावर पाय दुमडून बसायचं आणि मान वर करून बघायचं. बाकी सगळ्यांना हे जमतं. माझ्या ताईला जमत नाही.

ताई म्हणजे सुजाताताई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाली. नोकरीत असताना दर हिवाळ्यात एकदा तरी भिगवणला जायचीच. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो गुडघा सरळ राहतो, चालतो, उभा राहतो, पायऱ्या कमी उंचीच्या असतील तर चढतोही, पण वाकायचं म्हटलं की संपावर जातो. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिला होडीत खुर्ची ठेवून बसवायचा प्रयत्न केला. दोघांनी काखेत हात घालून, एकाने पाय धरून तिला आत ठेवली. पक्षी दिसले. परतीच्या वाटेवर ती गाडीत एवढंच म्हणाली, "मी पोतं नाहीये, मिलिंद. यापुढे मी नाही यायची."

ती तसं म्हणाली आणि खरंच जाईनाशी झाली. भिगवणलाच नव्हे, कुठेही. दुर्बीण कपाटात गेली. सकाळचं फिरणं बंद झालं. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात गॅलरीतल्या खुर्चीवर बसून ती कबुतरांचा तिरस्कार करू लागली. माझ्या बायकोला, वंदनाला, याची फार काळजी वाटायची, आणि मला वंदनाची काळजी ऐकून घ्यावी लागायची.

मग दिवाळीनंतर एके दिवशी ताईने मला मोबाइल दाखवला. परदेशातला कुठलासा उथळ किनारा. छोटी चपटी होडी, तिच्या मागच्या टोकावर टेबलासारखं उंच मचाण, आणि त्यावर एक टोपीवाला माणूस ताठ उभा राहून लांब काठीने होडी ढकलतोय. पुढे दुसरा माणूस गळ टाकून मासे बघतोय.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "तो एकदाही वाकला नाही."

"बरं मग?"

"मला बसता येत नाही. उभं राहता येतं. तर होडी मी चालवते, तू पुढे बस."

होडीत खालीच उभं राहून बांबू मारला तर कमरेत आणि गुडघ्यात वाकावं लागतं. मचाणावरून बांबू सरळ खाली जातो, आणि पाणवनस्पतींच्या वरून लांबवर दिसतं. हे तिने मला कागदावर काढून समजावलं. माणूस इंजिनिअर असला की त्याला नाही म्हणण्याआधी आकृती बघावी लागते. आकृती बघेपर्यंत माझी नाही म्हणायची वेळ निघून गेली होती.

विश्रांतवाडी, पार्किंग

होडी मिळायला त्रास झाला नाही. खडकवासल्याकडे एकाने जलक्रीडेचा धंदा काढून बंद केला होता, त्याची एक फायबरची सपाट होडी धूळ खात पडली होती. टेंपोतून ती आमच्या सोसायटीत आली आणि माझ्या गाडीच्या जागेवर विराजमान झाली. गाडी रस्त्यावर गेली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. त्यांनी होडीला एक फेरी मारली.

"पार्किंग वाहनांसाठी आहे," ते म्हणाले.

"हे वाहनच आहे," ताई म्हणाली.

"चाकं कुठायत?"

"पाण्यावर लागत नाहीत."

"इथे पाणी कुठंय?"

"तेच मी तीन वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतेय," ताई म्हणाली, आणि सेक्रेटरी टँकरच्या विषयाला घाबरून वर निघून गेले.

बुधवार पेठ

ताईचा पहिला विचार होता की मचाण बांधायची गरजच नाही. रंगारी वापरतात तशी ॲल्युमिनियमची घोडी, वर उभं राहायला पाटा असलेली, होडीत आवळून बसवली की काम झालं. म्हणून आम्ही बुधवार पेठेत गेलो. आधी दगडूशेठच्या दर्शनाची रांग ओलांडली, मग वायरी आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांची गर्दी ओलांडली, आणि एका शिड्यांच्या दुकानात पोचलो. दुकानदार जेवणासाठी शटर ओढायच्या बेतात होता. दुपारी दुकान बंद करणाऱ्या पुणेकराला अडवणं धाडसाचं असतं, पण ताईचा पाय अर्धवट ओढलेल्या शटरखालून वाकून जाणार नव्हता, त्यामुळे त्याला शटर परत वर करावं लागलं. तिथेच तो आमच्यावर नाराज झाला.

"घोडी हवीय," ताई म्हणाली. "वर उभं राहून काम करता आलं पाहिजे."

"छत किती उंच आहे?"

"छत नाहीये."

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग रंग कशाला देताय?"

"रंग नाही द्यायचा. होडीवर ठेवायचीय."

"अस्सं," तो म्हणाला. "होडीवर ठेवली तर वॉरंटी नाही."

"जमिनीवर ठेवली तर आहे?"

"तशीही नाही. पण होडीवर तर अजिबातच नाही."

तरी त्याने एक घोडी उघडून दाखवली. ताईने हात लावून ती हलवली. ती कडकड वाजली. पाटा एवढासा की त्यावर एक पाय ठेवला तर दुसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न पडावा. शिवाय पायऱ्या उभ्या आणि उंच होत्या. ताईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, गुडघा वाकेना, तिने पाय काढून घेतला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण किंमतही न विचारता ती बाहेर पडली.

बाहेर आल्यावर मी तिला भजी खायला घातली. पेठेतल्या भज्यांचा एक गुण आहे, ती इतकी गरम असतात की दुःखी माणसाला दुसरं काही सुचत नाही.

"घोडी नको," तिसऱ्या भज्याला ताई म्हणाली. "आपल्याला स्टेज पाहिजे."

शनिवार पेठ

स्टेज म्हटलं की आमच्यासाठी एकच माणूस होता, बाळासाहेब मांडववाले. शनिवार पेठेत एका बोळात त्यांची वखार आहे. भाद्रपदात ते पेठेतल्या गणपतींचे मांडव घालतात, आणि एप्रिलात आमच्या वस्तीतल्या बाबासाहेबांच्या जयंतीचं स्टेज बांधतात. ताईने त्या स्टेजवरून दर वर्षी भाषण केलेलं असल्याने ते तिला चांगलं ओळखत होते. डिसेंबरात त्यांच्याकडे लग्नांशिवाय काही नव्हतं, आणि लग्नांना ते कंटाळले होते.

"काय मॅडम, आवाजच नाही! जयंतीला तर अजून वेळ आहे."

"बाळासाहेब, एक छोटं स्टेज पाहिजे. एका माणसापुरतं."

"मूर्ती केवढी आहे?"

"साठ किलो."

"शाडूची की पीओपीची?"

"हाडामांसाची," ताई म्हणाली. "मी."

बाळासाहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्या अनुभवात पुण्यात कोणाकडे काही मागितलं की आधी ते का होणार नाही हे सांगतात. बाळासाहेबांनीही सांगितलं. होडी हलणार, बांबू ओले होणार, सुतळी सैल पडणार, आणि मॅडम पडल्या तर एप्रिलात वस्ती मला दारात उभं करणार नाही. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "माप द्या."

ताईने मापं दिली. उंची तिच्या मांडीपर्यंतच, कारण जास्त उंच झालं तर होडी कलेल. पाय पसरून उभं राहता येईल एवढा पाटा. आणि पायऱ्या बुटक्या, भरपूर, रुंद. "घाईने चढायचं नाहीये मला," ती म्हणाली. "पण स्वतःच्या पायाने चढायचंय."

बाळासाहेबांनी मान डोलावली. त्यांनी ते काम मनापासून केलं याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. चार दिवसांनी ते स्वतः टेंपोतून मचाण घेऊन आले. निवडक बांबू, ओल्या काथ्याने करकचून आवळलेले, वर जाड प्लायवूड, त्याच्यावर लाल मॅट, पुढच्या बाजूला कमरेएवढा कठडा आणि कठड्याला सोनेरी झालर.

"झालर कशाला?" ताई म्हणाली.

"समोरून रिकामं दिसत होतं."

"समोर फक्त पक्षी असणार आहेत, बाळासाहेब."

"म्हणून काय झालं?" बाळासाहेब दुखावले. शेवटी झालर त्यांनीच उतरवली, पण घडी घालून होडीत ठेवली, मन बदललं तर असावी म्हणून.

पुन्हा पार्किंग

रविवारी विहारातली बुद्धवंदना आटोपून ताई आली तेव्हा अर्धी सोसायटी खाली जमली होती. मचाण होडीच्या मागच्या टोकावर पट्ट्यांनी आवळून बसवलेलं होतं, होडी जुन्या टायरांवर ठेवलेली होती, आणि माझं काम होतं होडी हलवत राहायचं, म्हणजे पाण्यासारखं वाटेल.

ताई मागून आली, कठड्याला हात न लावता एकेक पायरी चढत गेली आणि वर उभी राहिली. बांबू आम्ही टिंबर मार्केटमधून आणला होता. तिथून तो घरी आणताना रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता आणि वाटेत भाजीबाजारात वांग्यांच्या एका पाटीत घुसला होता, ती हकिगत मी लांबवत नाही, कारण पाटीच्या मालकाने ती पुरेशी लांबवली होती. ताईने तो बांबू हातात घेतला, मी टायरांवर होडी डुलवू लागलो, आणि ती डुलत, पण पाय रोवून, पार्किंगच्या फरशीला बांबू टेकवत राहिली.

"ताई, सांभाळून हो!" वंदना ओरडत होती.

"जोरात हलव, मिलिंद! हे काय, पाळणा आहे का?"

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की असंच उभं राहायचं तर इथेच उभं राहा, पेट्रोल वाचेल. सेक्रेटरी म्हणाले की फरशीला खड्डा पडला तर भरून द्यावा लागेल. ताई वरून सगळ्यांकडे बघत होती. मागच्या हिवाळ्यापासून मी तिला एवढी उंच आणि एवढी खूश पाहिली नव्हती.

त्या वेळी एकाही माणसाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली नाही. ती लक्षात यायला आम्हाला भिगवणला जावं लागलं.

भिगवण

सकाळी आमचा टेंपो काठावर पोचला तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि दूर कुठेतरी चक्रवाक ओरडत होते. नामदेव वाट बघत होता. हा आमचा जुना नावाडी, मागच्या हिवाळ्यात ताईला उचलणाऱ्या तिघांपैकी एक. परवानगी, जागा, सगळं त्यानेच बघितलं होतं. मी फोनवर त्याला विचारलं होतं की असं असं मचाण आणतोय, चालेल का, तर तो म्हणाला होता, "चालतंय की. आणा तर खरं." पुण्यात आधी नाही म्हणतात आणि मग करतात, इथे आधी हो म्हणतात आणि मग विचार करतात. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, पण दोन्हींत वेळ तेवढाच जातो.

होडी उतरवली, पाण्यात लोटली. इथल्या रीतीप्रमाणे होडीचं नाक काठाला लावलं आणि मचाण पाण्याकडे. नामदेवने काठावरून नाकावर एक रुंद फळी टाकली. आमचा बेत असा होता, की ताई फळीवरून होडीत जाईल, होडीतून मागे चालत जाईल आणि मचाणावर चढेल.

नामदेव होडीकडे बघत उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "पर चढायचं कुठनं?"

आम्ही बघितलं. होडीच्या आतल्या बाजूला मचाणाचा कठडा होता, लाल मॅट होती, आणि सपाट, बंद बांबूची भिंत होती. पायऱ्या होत्या त्या मचाणाच्या मागे, होडीच्या टोकाबाहेर, थेट पाण्यात उतरणाऱ्या.

बाळासाहेबांनी जन्मभर स्टेजं बांधली. स्टेजला पायऱ्या मागूनच असतात, पुढची बाजू दर्शनाला आणि श्रोत्यांना मोकळी ठेवायची असते. ताई जन्मभर स्टेजवर मागूनच चढली. पार्किंगमध्ये ती मागूनच चढली आणि आम्ही सगळे पुढे उभे राहून बघत होतो. इतक्या माणसांत कोणालाही वाटलं नाही की होडीच्या मागे पार्किंग नसतं, पाणी असतं.

मी आधी हसलो. मग ताईचा चेहरा बघितला आणि थांबलो.

खटपट खूप केली. मचाणच फिरवून बसवायचं म्हटलं तर त्या भरपूर, रुंद पायऱ्या होडीत मावेनात. होडीत क्रेट उपडा ठेवून कठड्यावरून पाय टाकता येईल का बघितलं. त्याला गुडघा वाकायला हवा होता. कठडा सोडवता येईल का बघितलं. बाळासाहेबांचा काथ्या सुटणाऱ्यातला नव्हता. शेवटी नामदेव अगदी हळू म्हणाला, "आम्ही उचलून ठिवतो की ताई. दोघंजण हाय."

"नको," ताई म्हणाली.

ती काठावरच्या एका बंधाऱ्याच्या दगडाला टेकून उभी राहिली. धुकं विरत होतं. लांब पाण्याच्या मध्यावर गुलाबी रेघ दिसायला लागली होती, रोहितांची. ती तिकडे बघत नव्हती.

"टेंपोवाला गेला का रे?" तिने विचारलं.

"चहा प्यायला गेलाय."

"त्याला बोलाव. जाऊ परत."

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगतो. मला भीती वाटली. ती आज परत गेली तर पुन्हा गॅलरीतून उठणार नाही, आणि यापुढे कोणतीही आकृती काढून दाखवणार नाही, अशी भीती. मी टेंपोवाल्याला फोन लावायचं नाटक केलं आणि फोन लागत नाही असं सांगितलं. तिथे रेंज उत्तम होती, हे तिलाही दिसत होतं.

बराच वेळ ती होडीकडे बघत राहिली. मग चपला काढल्या. साडी खोचली.

"नामदेव, होडी फिरव."

"कशी फिरवू?"

"उलटी. मचाण काठाकडे, नाक पाण्याकडे. मिलिंद, तू पुढे जाऊन बस, म्हणजे वजनाला वजन होईल."

होडी फिरली. माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आलं. मागचं टोक काठाजवळच्या मुरमावर अलगद टेकलं आणि पायऱ्यांची खालची फळी पाण्याखाली तळाला लागली. ताई चालत पाण्यात शिरली. पाणी घोट्यापर्यंत, मग थोडं वर. तिथून पहिली पायरी, दुसरी, तिसरी. होडीची कड ओलांडावी लागली नाही, फळी लागली नाही, कोणाचा हात लागला नाही. एप्रिलातल्या संध्याकाळी भाषणाला चढावी तशी ती चढली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मी नकळत टाळ्या वाजवल्या. नामदेवनेही वाजवल्या.

"भाषण नाहीये," ताई म्हणाली. "ढकला."

नामदेवने ढकललं आणि आम्ही तरंगायला लागलो.

सुरुवातीला होडी तिला हवी तिथे सोडून सगळीकडे गेली. एकदा आम्ही गोल फिरून काठाला परत आलो. एकदा बांबू चिखलात इतका खोल रुतला की होडी पुढे आणि बांबू मागे, आणि ताईने तो वेळेवर सोडून दिला म्हणून बरं, नाहीतर ती बांबूवरच राहिली असती. मग मी चपलेने वल्हवत बांबूपर्यंत गेलो. बगळे बघत होते. पण अर्ध्या तासात तिला त्याची नस सापडली. बांबू टेकवायचा, अंग मागे टाकायचं, हलकं पिळून काढायचा. होडी आवाज न करता सरकू लागली.

मी खाली बसलेला, त्यामुळे माझ्यासमोर फक्त पाणवनस्पती. वरून तिचा आवाज येत होता. "डाव्या हाताला चित्रबलाक आहेत, पिल्लं मोठी झालीयत. पुढे रोहित, खूप आहेत रे, मान खाली घालून चालतायत सगळे. एकाने आत्ता मान वर केली. आपल्याकडेच बघतोय. मिलिंद, हलू नकोस." मी हललो नाही. मान वळवून तिच्याकडे मात्र बघितलं. ती ताठ उभी होती, ऊन तोंडावर, डोळ्यांतून पाणी, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पक्षी बघायचं विसरलो, आणि आजतागायत त्यातला एकही मला आठवत नाही.

ऊन चढलं तसं आम्ही काठाच्या बाजूला सरकलो. नामदेवच्या बायकोने चिलापीचे मासे तळायला घेतले होते. त्या तेलाचा, लसणाचा आणि चुलीवरच्या भाकरीचा वास पाण्यावरून थेट माझ्यापर्यंत येत होता.

"ताई, चल. जेवून घेऊ."

"तू जेव."

"म्हणजे?"

"तुला भूक लागलीय ना? मग उतर. पोटरीएवढं पाणी आहे."

मी उतरलो. माझं वजन जाताच होडीचं नाक वर उचललं गेलं. ताईने वरून हाक मारली तसा नामदेव एक मोठा दगड घेऊन आला आणि त्याने तो नेमका माझ्या जागेवर ठेवला. होडी सपाट झाली. ताईने दगडाकडे बघून समाधानाने मान हलवली, बांबू टेकवला आणि एका ढकलण्यात वळून निघाली. नामदेव आपली होडी काढून, तिला कळणार नाही एवढं अंतर ठेवून, मागे गेला.

मी काठावर बसून पहिला तुकडा मोडला तोच वंदनाचा फोन आला.

"काय झालं? चढल्या का? पडल्या नाहीत ना? फोन द्या बरं त्यांना."

मी पाण्याकडे बघितलं. गुलाबी रेघेच्या दिशेने एक उभी आकृती लहान लहान होत चालली होती.

"ताई घरी नाहीये," मी म्हणालो. "बाहेर गेलीय."